समुद्राकडे तोंड करून

तक्रारसाहेबांना राग आला होता. तसा तो त्यांना जमिनीवरही येत असे, पण जमिनीवर माणसाला पाय आपटत घराबाहेर निघून जाता येतं. जहाजावर पाय आपटत जाणार कुठे? फार तर वरच्या मजल्यावर. आणि तिथेही गणवेशातलं कुणीतरी दात दाखवून 'सुप्रभात' म्हणायला उभंच.

तक्रारसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्यांचा उभा जन्म गेला, म्हणून कचेरीने ठेवलेलं नाव. ते पुढे बिल्डिंगमध्ये पोचलं आणि शेवटी घरात येऊन बसलं. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण पिवळं आहे, पाणी नाही तरी बिल आहे, असं सगळं मान डोलवत ऐकून घ्यायचं आणि समोरच्याला थेंबभरही पाणी न देता शांत करून घरी पाठवायचं, ही त्यांची कला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्वतः कुठे म्हणून तक्रार केली नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोटातलं ऐकता ऐकता स्वतःच्या पोटात जे साठलं, ते सगळं या सफरीत बाहेर पडलं. निमित्त झालं नाश्त्याचं.

त्यांची बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका होती. उजाडायच्या आत सगळ्यांचे डबे भरायचे आणि स्वतः ओट्याशी उभ्याने, एक चप्पल पायात सरकवत, हाताला लागेल ते तोंडात टाकायचं, असा तिचा संसारभराचा नाश्ता. सफरीचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मला बंदरं-बिंदरं काही बघायची नाहीत. सकाळी खुर्चीवर बसून, दुसऱ्या कुणी तरी केलेलं, गरम गरम खायचंय. सावकाश. समुद्राकडे तोंड करून. बास."

"एवढंच ना? माझ्यावर सोड," तक्रारसाहेब म्हणाले.

बायकोने सोडलं. तिथेच सगळं बिघडलं.

कारण या जहाजावर नाश्ता करायच्या जागा एक नव्हे, चार निघाल्या. वरच्या मजल्यावर आपलं आपण वाढून घ्यायचं मोठं दालन. खाली टेबलाशी आणून देणारा भोजनकक्ष. मागवलं तर खोलीत येणारा ट्रे. आणि सर्वांत वर, सगळ्या बाजूंनी काचा असलेलं एक छोटं उपाहारगृह, जिथे फक्त बाल्कनीवाल्या खोल्यांतल्या लोकांना प्रवेश. तक्रारसाहेबांच्या खोलीला बाल्कनी नव्हती. खिडकीही नव्हती. पडदा होता, तो बाजूला केला की भिंत दिसायची.

निघण्याआधीच बिल्डिंगमध्ये या विषयाचा काथ्याकूट झाला होता. तळमजल्यावरचे स्टेशनरीवाले आयुष्यात होडीतही बसलेले नव्हते, पण त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "वरचं दालन सोडू नका. आपल्या हाताने वाढून घ्यायचं, कुणाचे उपकार नाहीत." वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "छे हो, तिथे नुसती रेटारेटी. खालच्या भोजनकक्षात जा, माणसासारखं वाढतात." दोघांची त्यावरून जिन्यात अशी जुंपली की तक्रारसाहेब सामान घेऊन निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायला एकाच वेळी दोघंही फाटकाशी येईनात.

या सगळ्यांवर कडी म्हणजे साडू. साडू दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं, त्यात कापसाचे बोळे, आणि बोलणारे हे एकटे, अशी जन्माची सवय. त्यामुळे आपल्या बोलण्याला उत्तर येऊ शकतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सफर त्यांनीच सुचवलेली. ते आणि मेहुणी याच जहाजावर होते, अर्थात बाल्कनीसह. "मी सांगतो तुम्हाला," पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "जहाजावर माणसाची पायरी त्याच्या नाश्त्यावरून कळते."

हे वाक्य तक्रारसाहेबांच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

पहिल्या सकाळी ते आणि बायको वरच्या दालनात गेले. तिथे खुर्च्यांवर माणसं कमी आणि वस्तू जास्त. या खुर्चीवर पुस्तक, त्या खुर्चीवर टॉवेल, एका टेबलावर नुसता चष्मा समुद्राचं दृश्य बघत बसलेला. खिडकीजवळच्या सगळ्या जागा अशा वस्तूंनी अडवलेल्या आणि जिवंत माणसं हातात ताटल्या घेऊन भटक्या गुरांसारखी फिरताहेत. तक्रारसाहेबांचं पित्त खवळलं. बायकोला त्यांनी सांगितलं, "तू वाढून आण, मी जागा बघतो," आणि खिडकीपाशी जाऊन एका खुर्चीवरची रुंद काठाची गवती टोपी उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"माझ्या टोपीला हात कुणी लावला?"

मागे एक आजीबाई उभ्या होत्या. अंगाने भारदस्त, हातात कलिंगडाच्या फोडींची ताटली.

"आजी, टोपी काही नाश्ता करत नाही," तक्रारसाहेब म्हणाले. इतकं चांगलं वाक्य त्यांना एरवी दुसऱ्या दिवशी सुचलं असतं.

"तुमच्या घरी कुणी येऊन तुमची टोपी फेकली तर चालेल का तुम्हाला?" आजीबाईंनी आवाज चढवला.

"फेकली नाही, ठेवली."

"आता खोटंही बोलतोय बघा!" आजीबाई दालनाला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. दालनातल्या चमच्यांचे आवाज थांबले. मघापासून हातात ताटल्या घेऊन फिरणारी, म्हणजे खरं तर तक्रारसाहेबांच्याच पक्षातली माणसं, त्यांच्याकडे टोपीचोराकडे बघावं तशी बघू लागली. शेवटी तक्रारसाहेबांनी टोपी उचलून होती तिथे ठेवली आणि तिची, म्हणजे टोपीचीच म्हणायची, माफी मागितली.

या भानगडीत बायको हरवली. तक्रारसाहेब दालनाच्या एका टोकाला खांबाआड एक टेबल धरून बसले. बायको दुसऱ्या टोकाला, उष्ट्या भांड्यांच्या गाडीशेजारी, दोन भरल्या ताटल्या घेऊन. दोघंही आपापली जागा जाऊ नये म्हणून उठेनात. ती येईल म्हणून हे थांबले, हे येतील म्हणून ती थांबली. भेट झाली तेव्हा ऑम्लेटला चामड्याची कळा आली होती.

"उद्या खाली जाऊ," तक्रारसाहेब म्हणाले. "इथे माणुसकीच नाही."

"उद्या इथेच लवकर आलो तर?" बायकोने विचारलं.

"प्रश्न जागेचा नाही. तत्त्वाचा आहे."

खालच्या भोजनकक्षात माणुसकी इतकी होती की दोघांना गोल टेबलाशी अनोळखी लोकांत बसवलं, तेही वेगवेगळं. तक्रारसाहेब आणि बायको यांच्यामध्ये एक नवविवाहित जोडपं एकमेकांना भरवत होतं. बायकोच्या पलीकडे गाद्यांचे एक व्यापारी होते. त्यांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही कुशीवर झोपता की पाठीवर?" खिडक्या बायकोच्या पाठीमागे. तिच्या समोर भिंत आणि भिंतीवर एक मोठं चित्र. चित्र समुद्राचं होतं. ती ते बघत मुकाट्याने टोस्टला लोणी लावत होती आणि, खरं सांगायचं तर, तिचं बरं चाललं होतं.

पण तक्रारसाहेबांचं अंडं बिघडलं. त्यांनी अर्धकच्चं मागवलं होतं, आलं ते दगड. त्यांनी परत पाठवलं. दुसरं आलं ते कोंबडीलासुद्धा कच्चं वाटलं असतं. तेही परत गेलं. तिसरं येईना. टेबलावरचे सगळे खाऊन उठले, व्यापारी बायकोच्या मानेखाली उशी किती जाड हवी ते सांगून गेले, आणि तक्रारसाहेब गळ्याखाली रुमाल खोचून अंडं उभं ठेवायच्या रिकाम्या कपाकडे बघत बसले. शेवटी त्यांनी मुख्य वाढप्याला बोलावलं आणि अंडं, व्यवस्था आणि जहाजाचा एकूण कारभार यावरून त्याला झाडलं.

वाढप्याने मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "आपली गैरसोय आमच्या लक्षात आली आहे. आपलं म्हणणं योग्य त्या विभागाकडे पोचवलं जाईल."

तक्रारसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य त्यांचं होतं! शब्दशः त्यांचं! हजारो लोकांना त्यांनी ते ऐकवलं होतं आणि योग्य तो विभाग कुठे असतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो कुठेच नसतो.

"हे मला सांगू नका!" ते ओरडले. "मला कळतं याचा अर्थ काय होतो ते!"

"आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत," वाढपी म्हणाला. हेही त्यांचंच होतं.

त्या संध्याकाळी साडू डेकवर भेटले. सगळा वृत्तांत ऐकून, म्हणजे स्वतःच बोलून, ते म्हणाले, "मी सांगतो तुम्हाला, सामान्य जागी सामान्य वागणूकच मिळणार. तुम्ही आमच्या काचघरात या ना एकदा. दारात फक्त माझं नाव सांगा. समोर समुद्र, मागे समुद्र, अंडं म्हणाल तसं."

"नको," तक्रारसाहेब ताठपणे म्हणाले. "आम्ही उद्या खोलीतच मागवणार आहोत. शांतपणे. खाजगीत."

"पण खोलीत समुद्र कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"ऐकू येतो की!"

खोली दोन माणसं एकाच वेळी उभी राहू शकणार नाहीत एवढी लहान. ट्रे ठेवायला जागा म्हणजे पलंग. दोघं ट्रेच्या दोन बाजूंना मांडी घालून बसले, तक्रारसाहेबांनी विजयी मुद्रेने किटली उचलली, आणि जहाजाने त्याच क्षणी कूस बदलली. चहा बायकोच्या नव्या कपड्यांवर सांडला. ती उठून न्हाणीघरात गेली आणि आतून पाण्याचा आवाज सुरू झाला. तक्रारसाहेबांना वाटलं, ती येईपर्यंत निदान हा पसारा डोळ्यांआड करावा. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर ते ट्रे घेऊन बाहेर आले, तो जमिनीवर ठेवायला वाकले, आणि मागे दार आपोआप बंद झालं.

त्यांनी ठोकलं. हाक मारली. आतून पाण्याचा आवाज. शेजारच्या दारातून एक डोकं बाहेर आलं आणि बनियन बघून आत गेलं. आता चावीसाठी मदतकक्षाकडे जाणं आलं. ते लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट खाली जायच्या ऐवजी आधी वर गेली, दार उघडलं, आणि सफारीच्या टोप्या घातलेल्या, कॅमेरे अडकवलेल्या, सुगंधी तेलं लावलेल्या माणसांची झुंबड आत आली. सगळ्यात पुढे आजीबाई, डोक्यावर तीच टोपी. त्यांनी तक्रारसाहेबांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली.

मदतकक्षातली मुलगी हसतमुख होती. जहाजावर सगळेच हसतमुख होते. तक्रारसाहेबांना त्याचाच आता जास्त राग येऊ लागला होता.

"नक्की देते चावी, सर. ओळखपत्र दाखवता?"

"बाई, मला खिसाच नाही, ओळखपत्र कुठे ठेवू?"

"मग खोलीत असेल ते, सर."

"खोलीचीच तर चावी मागतोय!"

"हो सर. पण ओळखपत्राशिवाय चावी देता येत नाही. तुम्ही खोलीतून ओळखपत्र घेऊन आलात, की लगेच देते."

तक्रारसाहेबांनी काउंटरवर मूठ आपटली. फुलदाणी हलली, मुलगी हसत राहिली. शेवटी बायकोच शोधत आली. केस ओले, चेहरा कोरा. तिने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्यांना हाताला धरून नेलं, वर्गाबाहेर सापडलेल्या पोराला नेतात तसं.

त्या दिवशी ते खोलीबाहेर पडले नाहीत. आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बघता बघता त्यांच्या मनाने उचल खाल्ली. काय कमी आहे आपल्यात? साडूंनी आपणहून बोलावलंय. उद्या काचघर!

"मला नाही जायचं तिथे," बायको म्हणाली. "आपण कुठेही बसू. खरंच कुठेही."

"तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते काचघराच्या दारात उभे राहिले. आत पांढरे टेबलक्लॉथ, चहूकडे निळा समुद्र, आणि मधोमध साडू, समोर एवढीशी अंजिराची फोड घेऊन. दारातल्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं, "कुठली खोली?"

"आम्ही त्यांचे पाहुणे." तक्रारसाहेबांनी बोटाने साडू दाखवले. "त्यांचं नाव सांगितलं की पुरे, म्हणाले ते."

बाई आत गेल्या. साडूंच्या कानाशी वाकल्या. काचेतून तक्रारसाहेबांनी स्वच्छ पाहिलं: साडूंनी दाराकडे बघितलं, ओळखलं, आजूबाजूच्या टेबलांकडे एक नजर टाकली, आणि मेन्यूकार्ड उचलून चेहऱ्यासमोर धरलं.

बाई परत आल्या. "ते म्हणतात, काहीतरी गैरसमज होतोय."

मग मात्र तक्रारसाहेबांचा बांध फुटला. टोपी, अंडं, चावी, सगळं एकदम वर आलं. दारात उभं राहून ते बोलू लागले. माणसाची किंमत बाल्कनीवरून करणाऱ्या जहाजावर, नात्याला कार्डाआड लपवणाऱ्या दाताच्या डॉक्टरवर, टोप्यांना खुर्च्या देणाऱ्या जगावर. "मी कोण आहे, माहीत आहे?" ते म्हणाले, आणि कोण आहे ते पटकन न आठवल्यामुळे तेच पुन्हा म्हणाले. मागे गर्दी जमली. आत चमचे थांबले. साडूंचं कार्ड काही खाली येत नव्हतं.

आतल्या कोपऱ्यात फळं घेत असलेली मेहुणी आवाज ऐकून दाराशी आली. तिने आधी बहिणीकडे बघितलं, मग कार्डाकडे.

"ताई, हे काय?"

"पुरे!" बायको म्हणाली.

ती मोठ्याने ओरडली नव्हती. पण हा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला होता. तक्रारसाहेब वाक्याच्या मध्ये थांबले. व्यवस्थापक बाईसुद्धा सरळ उभ्या राहिल्या.

"माझ्यासाठी भांडता म्हणे! मी कधी म्हटलं, भांडा म्हणून? मी म्हटलं होतं, बसा. तेवढं एक तुम्हाला जमलं नाही. त्या दालनात मी बसले होते. खाली टेबलाशी मी बसले होते, छान चाललं होतं माझं. उठवलं कुणी? प्रत्येक वेळी तुम्ही! घरी उभ्याने खाल्लं, तरी निदान कुणी घास मोजत नव्हतं. इथे मला बसवून ठेवलंय आणि माझ्या ताटलीवर तुमचं युद्ध चाललंय. मला वीट आलाय. तुमच्या तत्त्वाचा, तुमच्या अंड्याचा, सगळ्याचा!"

मेहुणीने हातातली फळांची ताटली जवळच्या टेबलावर ठेवली आणि बहिणीचा हात धरला. "चल गं." दोघी गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. जाताना मेहुणीने काचेवर बोटाने टकटक केली. कार्ड खाली आलं. तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

थोड्या वेळाने साडू बाहेर आले. "मी सांगतो तुम्हाला," त्यांनी सुरुवात केली.

"नका सांगू," तक्रारसाहेब म्हणाले.

"पाहुणे आणायला मनाई आहे तिथे. मला माहीत नव्हतं. सगळे बघत होते हो. मी घाबरलो."

तक्रारसाहेब चालू लागले. त्यांना साडूंचा राग आला होताच, पण त्याहून मोठा एक राग आत होता. तो कुणावर काढावा हे समजेना, कारण जिथे जिथे तो न्यावा, तिथे ते स्वतःच उभे सापडत होते. दिवसभर ते डेकवर फेऱ्या मारत राहिले. बायको रात्री खोलीत आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा पलंगाची तिची बाजू रिकामी होती.

ते कपडे करून निघाले. वरच्या दालनात ती नव्हती. आजीबाई होत्या, त्यांनी टोपी मांडीवर घेतली. भोजनकक्षात गाद्यांचे व्यापारी होते. "ताई आल्या नाहीत आज," ते काळजीने म्हणाले. काचघराच्या दाराशी ते गेले, पण आत फक्त साडू एकटे बसलेले दिसले. समोरची खुर्ची रिकामी. तक्रारसाहेब तिथून फिरले. ते जिने उतरत गेले तशी माणसं विरळ होत गेली, गालिचे संपले, भिंतींचा रंग साधा झाला. एक जड लोखंडी दार ढकलून ते जहाजाच्या मागच्या टोकाला बाहेर आले आणि वाऱ्याने त्यांच्या तोंडावर खारं पाणी फेकलं.

दोरखंडांच्या वेटोळ्यांजवळ, लटकवलेल्या होड्यांखाली एक लाकडी बाक होता. त्यावर दोघी बहिणी पाय वर घेऊन बसल्या होत्या. मध्ये रुमालात गुंडाळलेले पाव, उकडलेली अंडी, दोन मोठे कप. समोर पांढरा फेस आणि त्यापलीकडे नुसता समुद्र. मेहुणी काहीतरी सांगत होती आणि बायको हसत होती. कपातला चहा हिंदकळून सांडेपर्यंत हसत होती.

तक्रारसाहेब दारातच थबकले. इतक्या जवळ येऊनही परत फिरावं असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बायकोने बघितलं. हसणं ओसरलं. त्यांनी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"इथे वारा आहे. बाक ओला आहे. चहा गार झालाय. आणि इथे खात बसायला बहुतेक परवानगी नसणार. सगळं मीच बोलून टाकलं, तुमच्यासाठी काही शिल्लक नाही. आता बसायचं असेल तर बसा."

मेहुणी सरकली. तक्रारसाहेब बसले. बाक ओला नव्हे, चिंब होता. गारवा पँटीतून थेट हाडापर्यंत गेला. बायकोने एक पाव त्यांच्या हातात दिला. पाव वातड होता. त्यांनी तोंड उघडलं. बायकोने नुसतं बघितलं. त्यांनी त्याच उघड्या तोंडात दुसरा घास घातला आणि समुद्राकडे बघत चावत राहिले.

पाव संपल्यावर ते म्हणाले, "अंडं आहे का एखादं?"

बायकोने अंडं सोलून दिलं. पिवळा बलक पार कोरडा होता. ते गिळायला त्यांना तिच्या कपातला गार चहा मागावा लागला, आणि तिने दिला.

मागे लोखंडी दार करकरलं. कडक इस्त्रीचा शर्ट, विस्कटलेले केस, हातात मेहुणीची शाल घेऊन साडू उभे होते. त्यांनी बाक बघितला, दोरखंड बघितले, रुमालातले पाव बघितले.

"इथे? अगं, ही काय जागा झाली? मी सांगतो तुम्हाला..."

"बसा," तक्रारसाहेब म्हणाले. तोंड भरलेलं होतं, तरी शब्द स्पष्ट होता. त्यांनी सरकून बाकाचा सर्वांत ओला कोपरा साडूंसाठी मोकळा केला. "आणि बोलू नका."